सातवा फर्मा

७ फेब्रुवारी

आत्या,

सुरुवात कशी करायची यावर दोन कागद फाडले. एकदम 'साष्टांग नमस्कार' लिहिलं असतं तर म्हणाली असतीस, पुस्तकं खाणाऱ्या या वाळवीला आज काय झालं, पोटात दुखतंय की काय. म्हणून नुसतंच आत्या. आणि तुला हे पत्र वाचून दाखवणाऱ्या वहिनींना, तुझ्या सासरच्या पुतणसुनेला, नमस्कार. वहिनी, माझं अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घ्या.

फोन केला की वहिनी सांगतात, "त्या झोपल्यात." सकाळी दहाला झोपलेली, संध्याकाळी सहालाही झोपलेली. अगं, जन्मात कधी दिवसाउजेडी पाठ टेकली नाहीस तू. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? म्हणून पत्र.

इकडे सगळं ठीक. म्हणजे चाललंय. तुझ्या पाटावर आता बाबा शिवायला बसतात. दोरा इतका ओढतात की कागद घडीतच फाटतो, मग दोऱ्याला शिव्या. परवा आई म्हणाली, "दोऱ्याला काय बोलता? तो काय आपणहून आला होता?" हल्ली आमच्याकडे असंच असतं, एक बोलतो आणि दुसरा गप्प.

वहिनी, आत्या तुमच्याकडे एकाएकी का आली हे तिने सांगितलं नसणार. तिचं तोंड म्हणजे आमच्या दुकानातला शिकंजा, आवळला की आवळला. म्हणून मीच सांगते. आमचं बाइंडिंगचं दुकान. छापखान्यातून मोठाले कागद येतात, त्यांना घड्या घातल्या की सोळा पानांचा एक जुडगा होतो. त्याला फर्मा म्हणतात. असे दहाबारा फर्मे ओळीने लावून शिवले की पुस्तक. ही शिवण तीस वर्षं आत्याकडे. एक म्हातारे वकीलसाहेब आहेत, त्यांची बायको आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होती. तिने जाण्याआधी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, त्याचं पुस्तक. ती जाऊन वर्ष झालं त्या दिवशी सभा होती, म्हणून छापखान्याने घाईघाईने एकाच प्रतीचे कागद आधी आमच्याकडे पाठवले, बाकीच्या प्रती मागाहून यायच्या होत्या. सभेत वकीलसाहेब उभे राहिले. आपली दोघांची भेट कशी झाली ते बायकोच्या शब्दांत वाचून दाखवायचं होतं त्यांना. पान सत्त्याण्णव उघडलं, चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पिसे गळू लागल्यास कोंबडीस कळपातून त्वरित वेगळे करावे."

कुक्कुटपालनाच्या पुस्तकाचा फर्मा मध्येच शिवला गेला होता. सोळाच्या सोळा पानं कोंबड्या. लोक आधी खोकले, मग हसले. वकीलसाहेब म्हणे पानं उलटत राहिले, पुढे कुठेतरी बायको सापडेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन दुकानात आले आणि बाबा त्यांच्यादेखत आत्याला बोलू नये ते बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या तुमच्या दारात.

असो. आत्या, जे झालं ते झालं. माणसाच्या हातून होतं. बाबांच्या जिभेला हाड नाही हे तुला काय नवीन? मनावर घेऊ नकोस. ये.

दुसरी बातमी अशी की वाचनालयातल्या बाईंनी निबंध मागवलेत, 'मला पुस्तकं का ओढून घेतात'. बाई म्हणाल्या, तू नाही लिहायचास तर कोण लिहिणार. दोन दिवस पेन्सिल चावतेय. सुचलं की कळवीन.

तुझी वाळवी


१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं उत्तर नाही. यायचं कारणही नाही. मागच्या पत्रात 'माणसाच्या हातून होतं' असं मी लिहिलं. पत्र पेटीत टाकलं आणि पेटीपाशीच मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कोणत्या माणसाच्या हातून, ते मी सोयीने लिहिलं नव्हतं.

निबंधाला बसले होते. त्यातूनच हे निघालं, तेव्हा तिथूनच सांगते.

तुला ठाऊक आहे, मी पुस्तक कधी पहिल्या पानापासून वाचलेलं नाही. माझ्या हाताला लागायचे फर्मे. कधी तिसरा, कधी नववा. कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणतात, शी, काही कळत कसं असेल? अगं, तेच तर आवडायचं. पुढच्या दाराने गेलं की या बसा, पाणी घ्या, कोण कुठली, सगळं होतं. मी मागच्या दाराने शिरायची. आत माणसं भांडत असायची, रडत असायची, कोणी कोणाला काहीतरी कबूल करत असायचं, आणि माझ्याकडे बघून कोणी थांबायचं नाही. आपल्या घरी मी खोलीत पाऊल टाकलं की बोलणं बंद, आणि लगेच "अभ्यास झाला का?" पुस्तकातली माणसं माझ्यासमोर काहीही बोलतात. त्यांना मी तिथे आहे हे ठाऊकच नसतं.

हे निबंधात लिहायला छान आहे. बाई खूश होतील. पण खरं सांगायचं तर हा चोरटेपणा आहे, दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची खोड. वकीलसाहेबांचं पुस्तक आलं तेव्हा मला आठवणीबिठवणींत काडीचा रस नव्हता. एकशे एक वेळा "कापताना तिरकं जाता कामा नये हं" म्हणणारा हा खडूस म्हातारा तरुणपणी प्रेमात पडला तेव्हा कसा बावचळला असेल, ते मला बघायचं होतं. फर्मे चाळताना सातव्यात ते दिसलं. हॉस्पिटलातली खाट, मोडलेला पाय, दर दहा मिनिटांनी घंटा वाजवणारा पेशंट आणि ती वैतागलेली नर्स.

तू जुळणी करून गठ्ठा पाटावर ठेवलास आणि चहाला आत गेलीस. मी सातवा फर्मा काढला आणि माळ्यावर गेले.

परत ठेवताना गडबड झाली. भिंतीशी कुक्कुटपालनाच्या फर्म्यांच्या थप्प्या होत्याच, तोच छापखाना, तोच कागद, तोच आकार, खाली तोच सातचा आकडा. घाईत तिथला सात उचलला गेला. तुझी चूक नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोर मूग गिळून बसला.

वहिनी, हे आत्याला दोनदा वाचून दाखवा. ती पहिल्यांदा ऐकून म्हणेल, "पोरगी माझी बाजू घ्यायला काहीबाही लिहितेय."

बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन. त्यांचा मूड बघून सांगेन.


४ मार्च

आत्या,

बाबांचा मूड बरा नाही, असं लिहिणार होते. खोटं आहे. सोमवारी ते इतके खुशीत होते की शीळ घालत पुठ्ठे कापत होते. मी समोर उभी राहिले, "बाबा" म्हणाले, त्यांनी "काय गं?" म्हणून वर पाहिलं आणि मी विचारलं, "चहा ठेवू?" दिवसभरात चार वेळा चहा झाला. शेवटी आई म्हणाली, "काय गं, घरात कोणाचं लग्न ठरलंय का?"

मागचं पत्र मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. वाटलं, झालं, सांगून टाकलं, सुटले. मग लक्षात आलं की त्यातही मी स्वतःला जपलंय. 'उचलला गेला' काय! आपोआप उचलला गेला? फर्म्याला पाय फुटले?

वहिनी, आता पुढचं वाचताना आवाज खाली आणू नका. सगळं तिच्या कानावर पडू दे.

झालं ते असं. माळ्यावर मी पोहोचले पान एकशे आठपर्यंत. चार पानं उरली होती. वकीलसाहेबांना हॉस्पिटलातून सोडायचा दिवस, काखेत कुबड्या, खाटेपाशी उभे, आणि त्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं. एवढ्यात खालून बाबा ओरडले, "जुळणी झाली असेल तर गठ्ठा शिकंज्यात धरा, मला पुठ्ठ्याचं माप घ्यायचंय!" एक फर्मा कमी म्हणजे माप चुकणार, म्हणजे लगेच बोंबाबोंब.

मी खाली आले. हातात सातवा फर्मा होता. आत्या, माझ्या हातात होता. नुसता जागेवर सरकवायचा होता. आणि मी तो ओढणीखाली धरला आणि थप्पीतला कोंबड्यांचा सात काढून गठ्ठ्यात घातला. मनात म्हटलं, जाडी तेवढीच, माप होऊ दे, दहा मिनिटांनी बदलू. चार पानंच तर राहिलीत.

आता गंमत बघ. ती नर्स हो म्हणाली हे मला ठाऊक होतं. त्यांचा पन्नास वर्षांचा संसार अख्ख्या गावाला ठाऊक होता. 'पुढे काय होतं' म्हणून मी वाचत नव्हतेच. हो म्हणाली तर ती *कशी* म्हणाली, कोणत्या शब्दांत, आधी हसली की आधी रागावली, ते मला हवं होतं, आणि आत्ताच्या आत्ता हवं होतं. मला पुस्तकं का ओढतात, त्याचं खरं उत्तर एवढंच आहे. त्या 'कशी'साठी मी काहीही करू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. निबंधात हे लिहिता येत नाही, म्हणून निबंध दिलाच नाही.

आणि अजून एक आहे. जुळणी झाली की तू गठ्ठ्याच्या पाठीवर, वरपासून खालपर्यंत, पेन्सिलीची एक तिरकी रेघ ओढतेस. (वहिनी, आत्याला अक्षर येत नाही, पण तिला त्याची गरजच पडली नाही. एक फर्मा जरी हलला, उलटा झाला, तरी ती रेघ तिथे तुटते. तीस वर्षांत तिच्या रेघेने एकदाही दगा दिलेला नाही.) मी कोंबड्यांचा फर्मा घातला तेव्हा रेघ तिथे तुटली. सातव्या जागी पांढरं फटक. बाबांना नसतं दिसलं, तुला शंभर पावलांवरून दिसलं असतं.

म्हणून मी तुझीच पेन्सिल घेतली आणि तेवढा तुकडा रेघ ओढून जोडला.

मग वर गेले आणि चार पानं वाचली. सावकाश वाचली. खाली आले तेव्हा तुझ्या सुईने दहावा फर्मा धरला होता. तेव्हासुद्धा उशीर झालेला नव्हता. तासाभराचं उसवणं होतं. बाबा वैतागले असते, एखादी चापट बसली असती. मग खळ लागली, तेव्हाही सांगता आलं असतं. मग कडा कापल्या. मग सोनेरी अक्षरं. दर वेळी मी म्हटलं, आता कसं सांगू, आता तर फारच पुढे गेलं.

सातवा फर्मा माझ्याकडेच आहे. उशीच्या अभ्र्यात.

आणखी एक लिहिते आणि थांबते. पुस्तकं वाचून मी ढसाढसा रडते हे तुला माहितीये, तूच चिडवायचीस, "कोणाचा बैल मेला आज?" त्या रडण्यामुळे मी स्वतःला फार मोठ्या मनाची समजत होते. कुठल्या कोण माणसांची मला एवढी कणव येते म्हणजे मी किती चांगली! आणि बाबा वकीलसाहेबांसमोर तुला म्हणाले, "निरक्षर बाईच्या हाती पुस्तकं दिली, माझंच चुकलं," तेव्हा मी दारात उभी होते. तू दाभण खाली ठेवलंस, सुईतला दोरा काढून रिळाला गुंडाळलास. मला टिपूसभरही रडू आलं नाही. मला एवढंच वाटलं, की सुटले.


१७ मार्च

आत्या,

तुझं पत्र आलं. वहिनींच्या अक्षरात, पण वाचताना तुझाच आवाज येत होता. पाच ओळींचं पत्र, आणि मी ते दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं.

'सगळं लिहिलंस, एक राहिलं,' असं तू लिहिलंयस.

राहिलं नव्हतं, आत्या. ठेवलं होतं. म्हटलं, एवढी सगळी कबुली दिली, तर तेवढं एक गेलं तरी चालेल, तुला आठवतही नसेल.

आता मी लिहिते, म्हणजे तू सांगितलंस म्हणून नाही तर माझ्या हातून लिहिलेलं असावं म्हणून. सहावा फर्मा शिवून तू थांबलीस. गठ्ठा उजेडाकडे धरलास. माझी रेघ तुझ्या रेघेपेक्षा दाट होती, मी डावरी, तिचा कलही वेगळा. मी माळ्याच्या शिडीवर होते. तू मान वर करून विचारलंस, "तू हात लावलास का गं याला?"

आणि मी म्हणाले, "हो, नीट केलं."

एवढंच. तू "बरं" म्हणालीस आणि सातवा शिवायला घेतलास.

तू लिहिलंयस, 'मला वाटलं, पोरीला वाचता येतं, माझंच काहीतरी उलटसुलट झालं असेल, तिने सुधारलं.' हे वाक्य मी आठदहा वेळा वाचलं. तुझी तीस वर्षांची नजर तुला सांगत होती की इथे काहीतरी गडबड आहे, आणि तू तिच्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलास. का, तर मला अक्षरं येतात. ज्या अक्षरांसाठी मी चोरी केली त्याच अक्षरांच्या जोरावर मी तुला खोटं पाडलं.

आणि शेवटची ओळ. 'वकील येऊन उभे राहिले तेव्हाच मला कळलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू सांगशील म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले. मग सकाळच्या चहापर्यंत थांबले. मग बस सुटेपर्यंत.'

बस सुटताना मी हात हलवत होते, आत्या. वरून 'पोहोचलीस की फोन कर' असंही म्हणाले. आता ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

पत्र वाचून झाल्यावर मी तशीच आत गेले. बाबा कुंचल्याने पुठ्ठ्याला खळ लावत होते. शेजारचा चष्मेवाला गप्पा मारायला आलेला होता. म्हटलं, तो जाऊ दे, मग सांगू. आणि मग म्हटलं, नाही, तो त्या दिवशीही इथेच होता, त्यानेही ऐकलं होतं. त्याच्यासमोरच सांगितलं. फर्मा, रेघ, 'नीट केलं', सगळं.

बाबांनी विचारलं, "तिने तुला विचारलं होतं?"

"हो."

"आणि तू म्हणालीस, नीट केलं."

"हो."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. खरं सांगू, बसावी असं वाटत होतं, म्हणजे हिशेब मिटला असता. पण त्यांनी कुंचला खळीच्या डब्यात ठेवला. चष्मेवाला "येतो मी" म्हणून चपला शोधायला लागला. बाबा म्हणाले, "थांब रे. त्या दिवशी मी ताईला काय म्हणालो होतो?" तो बिचारा म्हणाला, "आता आठवत नाही बुवा." तेव्हा आतून आई आली आणि तिने ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. निरक्षर बाईच्या हाती पुस्तकं दिली, माझंच चुकलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आई पुढे म्हणाली, "शिवायला तुम्हाला शिकवलं कोणी? त्याच बाईने ना?"

बाबा मागे मोरीवर गेले आणि हात धूत बसले. इतका वेळ की पुठ्ठ्यावरची खळ वाळून गेली. माझ्याशी ते अजून बोललेले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी आईकडे मागतात, मीठ माझ्यापुढे असतं.


२६ मार्च

आत्या,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. बाबा घेऊन येतायत.

गुरुवारी मी सातवा फर्मा घेऊन वकीलसाहेबांकडे गेले. एकटीच. आई म्हणाली, "येऊ का?" मी नको म्हटलं. दार त्यांनीच उघडलं. पायजमा, बनियन, हातात काठी. मी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, कारण आत बसवलं असतं तर पाणी दिलं असतं, आणि त्यांच्या घरचं पाणी पिऊन हे सांगायचं म्हणजे हद्दच झाली असती. फर्मा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, घडीवरून बोट फिरवलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "रविवारी दुपारी ये. त्या सभेतली जी माणसं जमतील त्यांना बोलावतो. तूच वाच."

रविवारी वीसेक माणसं होती त्यांच्या दिवाणखान्यात. बाबा आणि आई मागे दाराशी उभे. मी आधी सांगितलं की हे मी केलं, आत्याने नाही, आत्याने मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले. मग वाचलं. पहिल्यांदाच कोणाला मोठ्याने वाचून दाखवत होते. तुला सांगते ती कशी हो म्हणाली. वकीलसाहेबांनी कुबड्यांवर उभं राहून विचारलं, तर ती म्हणाली, "कुबड्या हॉस्पिटलच्या आहेत. त्या परत करता येतील तेव्हा या आणि मग विचारा." तीन आठवड्यांनी हे गृहस्थ लंगडत आले, कुबड्या काउंटरवर ठेवल्या, पावती घेतली आणि पावतीसकट तिच्यासमोर उभे राहिले. लोक हसले, पण या वेळी छान हसले. वकीलसाहेब खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुढचं लिहिताना मला जास्त लाज वाटतेय.

वाचून झालं आणि सगळे माझ्याभोवती जमले. एक बाई म्हणाल्या, "काय गं बाई वाचनाचं वेड! आजकालच्या मुलांत कुठे दिसतं?" दुसरे म्हणाले, "चूक कबूल करायला धैर्य लागतं." एका आजोबांनी पाठ थोपटली, "लेकरू आहे, पुस्तकापायी भान हरपलं, त्यात काय एवढं!" वाचनालयातल्या बाई तर डोळे पुसत म्हणाल्या, हाच तुझा निबंध. आणि आत्या, मला बरं वाटलं. मी हसले. क्षणभर मी अशी फुलून गेले की काही विचारू नकोस.

मग दाराशी बाबा दिसले. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि त्यांचा चेहरा असा होता की माझं हसू तिथल्या तिथे विरलं. तेव्हा डोक्यात शिरलं. ह्याच वीस माणसांनी दीड-दोन महिने म्हटलं होतं, अडाणी बाई, दुसरं काय होणार. तीच चूक. तुझ्या नावावर होती तेव्हा अडाणीपणा होता. माझ्या नावावर आली आणि तिचं वाचनाचं वेड झालं. तुला घर सोडायला लागलं आणि मला शाबासकी.

हे मी तिथे बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण कोणीतरी हातात सरबताचा ग्लास दिला आणि मी "थँक्यू" म्हणाले. हे घे, हेही लिहिलं. आता ठेवलेलं काही नाही.

वकीलसाहेब तेवढे त्यांच्यात नव्हते. मी निघताना त्यांनी विचारलं, "शिवणाऱ्या बाई कुठे आहेत? त्या दिवशी मी पण त्यांना बोललो होतो, 'डोळे फुटले होते का' म्हणून." मला हे ठाऊकच नव्हतं, मी दारात असूनही माझ्या कानावर आलं नव्हतं, तेव्हा मी किती सुटकेत होते ते बघ. त्यांनी तुला चिठ्ठी दिली आहे, बाबांच्या खिशात आहे. बाकीच्या प्रती त्यांनी दुसऱ्या बाइंडरकडे टाकल्या होत्या, त्या परत मागवल्यात. म्हणाले, त्या बाई शिवणार असतील तरच तुमच्याकडे, नाहीतर राहू देत.

घरी आल्यावर बाबा माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "उद्या सकाळच्या बसने ताईकडे जातो," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "काय बोलू तिच्याशी?" मी म्हटलं, मला काय विचारता. खरंच, मला काय विचारता? मग त्यांनी पाटीवर मुलं लिहितात तसं एक वाक्य कागदावर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तो कागद बघायचा मोह मला झाला. तू ओळखतेस मला. बघितला नाही.

हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलंय, सरबतासकट. ते म्हणाले, तूही चल. आई म्हणाली, जा, पाया पड, मोकळी हो. मी येत नाहीये, आत्या. भीतीने नाही. मी समोर आले की तू काय करशील ते मला पक्कं ठाऊक आहे. कानाला धरशील, "वाळवे, वाळलीस किती गं" म्हणशील, आणि दोन मिनिटांत सगळं संपलेलं असेल. सगळ्यांनीच मला दोन मिनिटांत माफ केलंय.

बाबांबरोबर यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर दुकान तुझं आहे, पाट तुझा आहे. नाही आलीस तर त्यांना दोन दिवस ठेवून घे आणि सुनव चांगलं, त्यांना हवंय ते.

मला मात्र एवढ्यात माफ करू नकोस.